एसव्हीआर प्रत्येक दिवसाला एकच अंदाज देते तेव्हा : सपाट रेषेचे निदान आणि उपाय

गोव्यातील पाऊस, साळावली धरणातील पाण्याची पातळी किंवा मांडवीचा प्रवाह यांवर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि मशीन लर्निंगकडे नव्याने वळलेल्या प्रोग्रामरांना सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीतील सपोर्ट व्हेक्टर रिग्रेशन, म्हणजेच एसव्हीआर, ही आकड्यांचा अंदाज देणारी पद्धत वापरताना एक अडचण पुन्हा पुन्हा येते. कोड विनातक्रार चालतो, फिट, म्हणजे मॉडेलचे प्रशिक्षण, पूर्ण होते, कोणतीही एरर दिसत नाही. पण प्रेडिक्ट केल्यावर प्रत्येक ओळीसाठी जवळजवळ एकच आकडा हाती येतो. आलेखावर जुलैमधला खरा पाऊस शून्यापासून दीडशे मिलिमीटरपर्यंत उसळ्या घेत असतो आणि अंदाजाची रेषा मात्र आडवी पडलेली असते. अंदाज किती चांगला हे सांगणारा आर-स्क्वेअर हा आकडा शून्याच्या आसपास राहतो आणि कित्येकदा ऋण होतो.

अशा वेळी बहुतेक जण आधी कर्नल, म्हणजे दोन ओळींमधील साम्य मोजणारे सूत्र, बदलून पाहतात, मग मॉडेलच्या आकड्यांच्या शेकडो जोड्या एकेक करून तपासणारा ग्रिड सर्च लावून संगणक रात्रभर चालू ठेवतात आणि शेवटी एसव्हीआर सोडून रँडम फॉरेस्ट घेतात. रँडम फॉरेस्ट लगेच बरे उत्तर देते, त्यामुळे एसव्हीआर हे पावसासारख्या विषयाला निरुपयोगी आहे, असा समज पक्का होतो. हा समज चुकीचा आहे. रँडम फॉरेस्ट ज्यांपासून बनते त्या निर्णयवृक्षाला रकान्यातील आकडा कोणत्या एककात आहे याने काही फरक पडत नाही. तो फक्त कोणता आकडा मोठा आणि कोणता लहान एवढेच पाहतो. एसव्हीआरला मात्र एककाने फरक पडतो, आणि तोही एकाच वेळी तीन ठिकाणी पडतो. सपाट रेषेची जवळजवळ सगळी प्रकरणे या तीनपैकी कोणत्या तरी ठिकाणी सापडतात. म्हणूनच कारण ओळखल्याशिवाय केलेला ग्रिड सर्च मला वेळेचा अपव्यय वाटतो: चुकीच्या एककांवर चालवलेला शोध कितीही लांबवला, तरी तो चुकीच्या प्रदेशातच फिरत राहतो.

तीन आकडे, तीन एकके

आपण काहीही न सांगता एसव्हीआर तयार केले, तर लायब्ररी आरबीएफ कर्नल घेते, सी १ धरते, एप्सिलॉन ०.१ धरते आणि गॅमासाठी ‘स्केल’ हा पर्याय वापरते. हे आकडे वाचताना निरुपद्रवी वाटतात, परंतु त्यांना आपल्या डेटाची काहीही कल्पना नसते. टार्गेट, म्हणजे ज्याचा अंदाज हवा ते मूल्य, मिलिमीटरमध्ये आहे की मीटरमध्ये, हे लायब्ररीला ठाऊक नसते.

एप्सिलॉन हा टार्गेटच्या एककात मोजला जातो. खरे मूल्य आणि अंदाज यांतील फरक एप्सिलॉनच्या आत असेल, तर मॉडेल त्या फरकाला चूक मानतच नाही. अंदाजाच्या रेषेभोवती वर एक एप्सिलॉन आणि खाली एक एप्सिलॉन असा पट्टा असतो, आणि त्या पट्ट्याच्या आत पडणाऱ्या ओळींचा मॉडेलच्या घडणीत काही वाटा नसतो.

सी हीसुद्धा टार्गेटच्या एककाशी बांधलेली आहे, आणि ही गोष्ट फारच थोड्या ठिकाणी स्पष्ट सांगितलेली आढळते. एसव्हीआरचा अंदाज म्हणजे इंटरसेप्ट हा स्थिरांक अधिक प्रत्येक सपोर्ट व्हेक्टरची, म्हणजे पट्ट्याच्या काठावर किंवा बाहेर पडलेल्या ओळीची, ओढ. एका ओळीची ओढ म्हणजे तिचा गुणक गुणिले कर्नलचे मूल्य. गुणक उणे सी ते अधिक सी यांच्या बाहेर जाऊ शकत नाही आणि आरबीएफ कर्नलचे मूल्य १ च्या वर जात नाही. म्हणजे सी १ असताना एक ओळ अंदाजाला जास्तीत जास्त एका एककाने वर किंवा खाली ओढू शकते. टार्गेट मिलिमीटरमध्ये असेल तर एक मिलिमीटर, आणि टार्गेट लिटरमध्ये असेल तर एक लिटर. पाणीपुरवठ्याचे दैनिक आकडे लिटरमध्ये भरून सी १ ठेवणाऱ्याला सपाट रेषेशिवाय दुसरे काही मिळणे शक्यच नाही.

गॅमा मात्र टार्गेटशी नाही, तर इनपुटच्या रकान्यांशी जोडलेला आहे. दोन ओळींमधील अंतराचा वर्ग गॅमाने गुणला जातो आणि त्यावरून त्या दोन ओळी एकमेकींशी किती सारख्या, हे ठरते: कर्नलचे मूल्य १ म्हणजे अगदी सारख्या, शून्य म्हणजे काहीच साम्य नाही. हे अंतर सगळ्या रकान्यांचे मिळून असते, त्यामुळे ज्या रकान्याचे आकडे सर्वांत जास्त पसरलेले, त्याचेच म्हणणे चालते.

हवेच्या दाबाचे प्रकरण

सर्वांत अधिक आढळणारे आणि सर्वांत कमी समजले जाणारे कारण ‘स्केल’ या पर्यायातच दडलेले आहे, म्हणून ते जवळून पाहणे आवश्यक आहे.

समजा, पणजीसाठी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची चार वर्षांची दैनिक नोंद आपल्याकडे आहे. एका हंगामाचे १२२ दिवस, म्हणजे एकूण ४८८ ओळी. रकाने तीन: हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये, सरासरी १००६, तापमान अंश सेल्सिअसमध्ये, सरासरी २७, आणि सापेक्ष आर्द्रता टक्क्यांत, सरासरी ८८. टार्गेट म्हणजे त्या दिवसाचा पाऊस, मिलिमीटरमध्ये.

‘स्केल’ या नावावरून असे वाटते की लायब्ररी प्रत्येक रकाना आपोआप एका मापात आणत असेल. तसे होत नाही. गॅमा काढताना १ ला रकान्यांच्या संख्येने आणि संपूर्ण तक्त्याच्या व्हेरियन्सने, म्हणजे आकड्यांच्या पसाऱ्याच्या मापाने, भागले जाते, आणि हा व्हेरियन्स रकानानिहाय नसतो; सगळे आकडे एकाच ढिगात टाकून तो काढलेला असतो. त्या ढिगात १००६ च्या आसपासचे आकडे आहेत, २७ च्या आसपासचे आहेत आणि ८८ च्या आसपासचेही आहेत. त्यामुळे दाब रोज फार तर एखाद-दुसऱ्या हेक्टोपास्कलने बदलत असला, तरी ढिगाचा व्हेरियन्स सुमारे २,००,५०० येतो. तो दाबातील बदलाचा नसतो, तर दाब आणि तापमान हे दोन वेगवेगळ्या मापांचे आकडे आहेत, एवढ्याच गोष्टीचा असतो. तीन रकान्यांनी गुणल्यावर गॅमा सुमारे सहा लाखांत एक एवढा उरतो, म्हणजे ०.०००००१७ च्या आसपास.

आता या चार हंगामांतील एकमेकांपासून सर्वांत भिन्न असे दोन दिवस घेऊ. एक कडकडीत उघडिपीचा आणि दुसरा कमी दाबाच्या पट्ट्यातला. दाबात १० हेक्टोपास्कलचा, आर्द्रतेत ३० टक्क्यांचा आणि तापमानात ५ अंशांचा फरक आहे. अंतराचा वर्ग १०० अधिक ९०० अधिक २५, म्हणजे १०२५ झाला. गॅमाने गुणल्यावर तो ०.००१७ होतो आणि कर्नलचे मूल्य येते ०.९९८३. म्हणजे आकाशपाताळाचा फरक असलेले हे दोन दिवस मॉडेलच्या दृष्टीने ९९.८३ टक्के सारखे आहेत. बाकीचे दिवस तर त्याहूनही सारखे.

याचा परिणाम आकड्यांत मांडता येतो. ४८८ ओळी, प्रत्येकीची ओढ जास्तीत जास्त १ मिलिमीटर, आणि कर्नलच्या मूल्यांतील फरक जास्तीत जास्त ०.००१७. या तिन्हींचा गुणाकार ०.८३ येतो. म्हणजे सगळ्या ओळींनी मिळून पूर्ण जोर लावला, तरी कोणत्याही दोन दिवसांच्या अंदाजांत एक मिलिमीटरचाही फरक पडू शकत नाही. आलेखावरील रेषा सपाट दिसते, कारण गणिताने तिला दुसरा मार्गच ठेवलेला नाही.

हाच डेटा प्रत्येक रकान्याची सरासरी शून्य आणि प्रमाणित विचलन १ करून दिला, तर चित्र पालटते. समजा दाबाचे विचलन २.५, आर्द्रतेचे ६ आणि तापमानाचे १.२ आहे. आता ढिगाचा व्हेरियन्स बरोबर १ येतो आणि गॅमा एक-तृतीयांश होतो. दाबात १, आर्द्रतेत ३ आणि तापमानात ०.६ एवढाच फरक असलेल्या दोन दिवसांचे कर्नल-मूल्य सुमारे ०.८ येते, आणि वरच्या त्या दोन टोकांच्या दिवसांचे मूल्य व्यवहारात शून्य होते. सारखे दिवस सारखे ठरले आणि भिन्न दिवस भिन्न ठरले. मॉडेलला शिकण्यासाठी एवढेच हवे होते.

याच्या नेमके उलट कारणही तेवढीच सपाट रेषा देते. गॅमा फार मोठा झाला, की प्रत्येक ओळ फक्त स्वतःसारखी उरते आणि बाकी सगळ्यांशी तिचे साम्य शून्य होते. अशा वेळी प्रशिक्षणाच्या ओळींवर अंदाज थोडेफार हलतात, परंतु नव्या ओळींवर केवळ इंटरसेप्ट परत येतो. सायकिट-लर्नच्या ०.२२ या आवृत्तीपूर्वी गॅमाचे मूळ मूल्य ‘ऑटो’ होते, म्हणजे केवळ १ भागिले रकान्यांची संख्या. जुन्या आवृत्तीवर किंवा जुन्या धड्यातून उतरवलेल्या कोडवर दाबाचे आकडे पास्कलमध्ये दिले, तर हेच घडते: १ हेक्टोपास्कल म्हणजे १०० पास्कल, त्याचा वर्ग १०,०००, आणि त्यापुढे कर्नल शून्य. तोच डेटा, तोच कोड, पण दोन संगणकांवर आवृत्त्या वेगळ्या असल्यामुळे दोन विरुद्ध कारणांनी रेषा सपाट होते. म्हणून आवृत्ती कोणती, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

मीटरमधला पाऊस

ज्यांना वेधशाळेची नोंद सहज मिळत नाही, ते युरोपीय हवामान केंद्राचा ईआरए-५ हा पुनर्विश्लेषणाचा, म्हणजे जुन्या निरीक्षणांवरून संगणकीय मॉडेलने पुन्हा मांडलेला, डेटा उतरवून घेतात. तो चांगला आहे, पण त्यातील एकके लक्षपूर्वक वाचली पाहिजेत. तापमान केल्विनमध्ये असते, दाब पास्कलमध्ये असतो आणि पाऊस मीटरमध्ये असतो. ५० मिलिमीटर पाऊस तेथे ०.०५ असा दिसतो.

समजा, आपल्या दैनिक बेरजांमध्ये सर्वांत कमी पाऊस शून्य आणि सर्वांत जास्त ०.१८ मीटर, म्हणजे १८० मिलिमीटर आहे. एप्सिलॉन ०.१ असल्यामुळे पट्ट्याची पूर्ण रुंदी ०.२ मीटर झाली. अख्खा हंगाम, त्यातील सर्वांत मुसळधार दिवसासह, त्या पट्ट्यात सहज मावतो. एकही ओळ पट्ट्याबाहेर नाही म्हणजे एकही चूक नाही, आणि चूक नाही म्हणजे सपोर्ट व्हेक्टरही नाहीत. उरतो तो केवळ इंटरसेप्ट, जो किमान आणि कमाल यांच्या मध्यावर, ०.०९ च्या आसपास बसतो. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर मॉडेल प्रत्येक दिवसाला ९० मिलिमीटर पाऊस सांगू लागते. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला मुसळधार म्हणतात. म्हणजे हे मॉडेल उघडिपीच्या दिवसांसह अख्खा हंगाम मुसळधार ठरवते, आणि स्वतःच्या हिशेबाने एकही चूक करत नाही.

धरणाच्या पातळीवर काम करणाऱ्यांना हाच अनुभव वेगळ्या वाटेने येतो. पातळीऐवजी पातळीतील रोजचा बदल टार्गेट म्हणून घेणे हा विचार योग्यच आहे, परंतु तो बदल मीटरमध्ये लिहिला की बहुतेक दिवसांचे आकडे ०.०२, ०.०५ असे येतात आणि ते सगळे पट्ट्यात बुडतात. तोच बदल सेंटिमीटरमध्ये लिहिला, तर मॉडेल अचानक शिकू लागते. टार्गेटचे एकक बदलल्याने मॉडेल सुधारलेले दिसले, की एप्सिलॉन आणि सी हेच मूळ कारण होते, असे खात्रीने समजावे.

निदान कसे करावे

फिट झालेल्या मॉडेलमध्ये निदानाला लागणारे सर्व काही असते. ते बाहेर काढून पाहण्याची सवय मात्र फार थोड्यांना असते. सपोर्ट व्हेक्टरांचे क्रमांक ‘सपोर्ट’ या गुणधर्मात, त्यांचे गुणक ‘ड्युअल कोएफ’ मध्ये आणि स्थिरांक ‘इंटरसेप्ट’ मध्ये ठेवलेला असतो. या तिन्ही नावांच्या शेवटी अंडरस्कोर लावावा लागतो.

सपोर्ट व्हेक्टरांची संख्या शून्य किंवा अगदी नगण्य असेल, तर एप्सिलॉनचा पट्टा टार्गेटच्या मानाने फार रुंद आहे. याउलट जवळजवळ प्रत्येक ओळ सपोर्ट व्हेक्टर झालेली असेल आणि बहुतेक गुणक अधिक सी किंवा उणे सी वर टेकलेले असतील, तर ओळींना अंदाज आणखी ओढायचा आहे, पण सी त्यांना ओढू देत नाही. मात्र यावरून लगेच सी वाढवू नये, कारण कर्नल सपाट असतानाही हेच चित्र दिसते. त्यासाठी लायब्ररीतील आरबीएफ कर्नलचे फंक्शन घेऊन, गॅमाचे मूल्य स्वतः काढून, पन्नासेक ओळींचे कर्नल-कोष्टक छापून पाहावे. सगळे आकडे ०.९९ च्या वर असतील तर गॅमा फार लहान आहे. कर्णावर १ आणि बाकी सर्वत्र शून्य असेल तर तो फार मोठा आहे. दोन्ही टोकांच्या मधले, विविध आकडे दिसत असतील, तरच सी कडे वळावे.

नव्या ओळींवरील अंदाज इंटरसेप्टशी दशांश चिन्हानंतरच्या सर्व अंकांपर्यंत तंतोतंत जुळत असेल, तर नवी ओळ प्रशिक्षणाच्या प्रत्येक ओळीपासून इतकी दूर आहे की सगळी कर्नल-मूल्ये शून्य झाली आहेत. याचे नेहमीचे कारण म्हणजे प्रशिक्षणाचा डेटा स्केल केला आणि प्रेडिक्टला मात्र कच्चा डेटा दिला. शून्याभोवतीच्या आकड्यांवर शिकलेल्या मॉडेलपुढे १००६ हा दाब आला, तर त्याला तो कोणाशीच जुळवता येत नाही.

आर-स्क्वेअर ऋण का होतो, हेही येथेच सांगणे योग्य ठरेल, कारण त्या उणे चिन्हाने अनेक जण घाबरतात. अंदाज म्हणून सगळीकडे सरासरी दिली तर आर-स्क्वेअर शून्य येतो. एसव्हीआरची हानी मोजण्याची पद्धत वर्गाची नसून निरपेक्ष फरकाची असल्यामुळे त्याचा सपाट अंदाज सरासरीपेक्षा मध्यकाकडे (मीडियनकडे) झुकतो. पावसाच्या नोंदीत थोडे दिवस प्रचंड पावसाचे आणि बरेच दिवस मध्यम किंवा कोरडे असल्यामुळे मध्यक सरासरीच्या बराच खाली असतो, आणि आर-स्क्वेअर शून्याखाली जातो. उणे चिन्ह म्हणजे कोडमधील गफलत नव्हे.

उपाय

उपाय एका वाक्यात सांगता येतो: इनपुटचे सर्व रकाने आणि टार्गेट ही दोन्ही प्रमाणित करावीत, आणि ते काम हाताने न करता लायब्ररीच्याच साधनांनी करावे. इनपुटसाठी स्टँडर्डस्केलर (रकान्यांची सरासरी शून्य आणि विचलन १ करणारे साधन) आणि एसव्हीआर यांची एक पाइपलाइन, म्हणजे एकापाठोपाठ चालणाऱ्या पायऱ्यांची साखळी, करावी. ती पाइपलाइन ट्रान्सफॉर्म्डटार्गेटरिग्रेसर या वेष्टनात ठेवावी आणि त्याला टार्गेटसाठी वेगळा स्टँडर्डस्केलर द्यावा. हे वेष्टन फिटच्या वेळी टार्गेट प्रमाणित करते आणि प्रेडिक्टच्या वेळी उत्तर परत मिलिमीटरमध्ये आणून देते. टार्गेट प्रमाणित झाल्यावर सी १ म्हणजे एका प्रमाणित विचलनाएवढी ओढ आणि एप्सिलॉन ०.१ म्हणजे विचलनाचा दहावा भाग होतो. तेव्हा कोठे लायब्ररीचे मूळ आकडे अर्थपूर्ण होतात.

हाताने स्केल करणाऱ्यांची वाट आणखी एका ठिकाणी अडते. स्टँडर्डस्केलरला द्विमितीय मांडणी हवी असते, एसव्हीआरला टार्गेट एकमितीय हवे असते, आणि उलट रूपांतराला पुन्हा द्विमितीय. या ये-जा करण्यात मांडणी एकदा तरी चुकते, आणि लायब्ररी ‘एकमितीय अपेक्षित असताना स्तंभ मिळाला’ अशा अर्थाची वॉर्निंग देऊ लागते. वेष्टन वापरले की हा सगळा व्याप वाचतो.

स्केलर फक्त प्रशिक्षणाच्या ओळींवर फिट व्हावा, ही अट पाइपलाइनमुळे आपोआप पाळली जाते. मॉडेल साठवताना केवळ एसव्हीआर न साठवता संपूर्ण वेष्टन जॉबलिब या फाइलमध्ये साठवणाऱ्या लायब्ररीने साठवावे. वेबपानावर मॉडेल बसवताना होणारी एक चूक इतकी सर्रास आहे की तिचा वेगळा उल्लेख करतो. वापरणारा फॉर्ममध्ये आजचा दाब, तापमान आणि आर्द्रता भरतो आणि कोड त्या एकट्या ओळीवर नव्याने फिट-ट्रान्सफॉर्म चालवतो. एकाच ओळीची सरासरी ती ओळच असल्यामुळे स्केल झाल्यावर प्रत्येक रकाना शून्य होतो. पेडण्याचा आकडा भरा की काणकोणचा, मॉडेलपुढे तीन शून्येच जातात आणि उत्तर कायम एकच येते. नोटबुकमध्ये बरोबर चालणारे मॉडेल पानावर सपाट झाले, तर हेच कारण आधी तपासावे. तेथे फक्त ट्रान्सफॉर्म हवे, आणि साठवलेल्या वेष्टनाचे प्रेडिक्ट थेट बोलावले तर तेही वेगळे लिहावे लागत नाही.

एवढे झाल्यावर ग्रिड सर्च लावण्यात अर्थ आहे. सी साठी ०.१ पासून १००० पर्यंत दहापटीच्या पायऱ्या, गॅमासाठी ०.०१ ते १ आणि एप्सिलॉनसाठी ०.०१ ते ०.३ एवढा पल्ला पुरेसा होतो. नावे लिहिताना वेष्टनाचा थर विसरू नये: ‘एसव्हीआर, दोन अंडरस्कोर, सी’ एवढे लिहून चालत नाही, त्याआधी ‘रिग्रेसर’ आणि दोन अंडरस्कोर लावावे लागतात, अन्यथा अवैध पॅरामीटरची एरर येते. आणि पावसासारखा कालक्रमाचा डेटा फेटून वाटू नये. १२ जुलै प्रशिक्षणात आणि १३ जुलै चाचणीत गेला, की मॉडेल शेजारच्या दिवसाकडे पाहून उत्तर देते आणि खोटे चांगले गुण मिळवते. त्यासाठी कालक्रम राखून डेटा वाटणारे टाइमसिरीजस्प्लिट आहे. त्याहूनही बरे म्हणजे अख्खा शेवटचा हंगाम चाचणीसाठी बाजूला ठेवणे.

रेषा हलू लागली, पण शिखरे गाठत नाही

स्केलिंगनंतर रेषा पावसासोबत वर-खाली होऊ लागते आणि मग दुसरी तक्रार येते: १५० मिलिमीटरच्या दिवशी मॉडेल ४० सांगते. हा दोष एककांचा नाही. वर सांगितल्याप्रमाणे एसव्हीआर मध्यकाच्या बाजूने विचार करते, आणि दाब-तापमान-आर्द्रता सारखीच असलेल्या दहा दिवसांपैकी एकाच दिवशी अतिवृष्टी झाली असेल, तर मध्यकाला ती दिसत नाही. शिवाय सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या वाळपईला किनाऱ्यावरच्या पणजीपेक्षा जास्त पाऊस का पडतो, हे या तीन रकान्यांत कोठेच लिहिलेले नाही. दोन्ही ठिकाणांच्या ओळी एकत्र करून ठिकाणाचा रकाना न देणे म्हणजे मॉडेलला दोन वेगळी उत्तरे एकाच प्रश्नाची म्हणून शिकवणे होय. आदल्या दिवसाचा पाऊस, ठिकाण आणि वाऱ्याची दिशा हे रकाने घातले, तर सी वाढवून जे साधत नाही ते साधते.

टार्गेटचा लॉगॅरिदम घेणे उपयुक्त ठरते, कारण त्यामुळे शून्य ते १० मिलिमीटरमधील फरकांनाही महत्त्व मिळते. शून्याचा लॉगॅरिदम निघत नसल्यामुळे १ मिळवून घेणारे फंक्शन वापरावे. वेष्टनाला फंक्शन आणि ट्रान्सफॉर्मर ही दोन्ही एकदम देता येत नाहीत. लॉगॅरिदम आणि प्रमाणीकरण दोन्ही हवे असतील, तर फंक्शनट्रान्सफॉर्मर आणि स्टँडर्डस्केलर यांची छोटी पाइपलाइन करून ती ट्रान्सफॉर्मर म्हणून द्यावी. मात्र लॉगॅरिदमवरून परत आलेल्या अंदाजांची बेरीज खऱ्या बेरजेपेक्षा कमीच येते. धरणात हंगामभरात एकूण किती पाणी येईल, हा प्रश्न असेल, तर ही वाट घेऊ नये. वर्गाची हानी वापरणारे एखादे मॉडेल त्या कामाला अधिक योग्य आहे.

तारखेचा अनुक्रमांक रकाना म्हणून देणाऱ्यांना आणखी एक सपाट रेषा भेटते, ती भविष्यकाळात. आरबीएफ कर्नल पाहिलेल्या ओळींच्या आसपासच बोलू शकते. प्रशिक्षणाच्या शेवटच्या तारखेपासून जसजसे पुढे जावे, तसतसा अंदाज इंटरसेप्टकडे सरकत जातो. वर्षातील दिवसाचा साइन आणि कोसाइन असे दोन रकाने घेतले, तर पुढच्या वर्षीचा १ जुलै मागच्या वर्षीच्या १ जुलैच्या जागी येऊन बसतो आणि हा प्रश्न सुटतो.

ओळी जुळवण्याची चूक मॉडेलच्या आत दिसत नाही, पण ती सगळे पाणी गढूळ करते. हवामान विभागाच्या नोंदीतील दिवसाचा पाऊस म्हणजे सकाळी ८:३० ला संपणाऱ्या चोवीस तासांचा पाऊस. ईआरए-५ चे तास जागतिक वेळेत असतात, आणि भारतीय ८:३० म्हणजे तेथील पहाटेचे ३. दोन्ही स्रोत एकत्र करताना तासांच्या बेरजा मध्यरात्र ते मध्यरात्र न करता ३ ते ३ अशा केल्या पाहिजेत, नाहीतर अर्ध्या दिवसाहून अधिक पाऊस दुसऱ्याच दिवसाच्या आर्द्रतेशी जोडला जातो आणि कोणतेही मॉडेल त्यातून फारसे शिकू शकत नाही.

न्यूएसव्हीआर या भावंडाविषयीही विचारले जाते. त्यात एप्सिलॉन स्वतः द्यावा लागत नाही. न्यू या आकड्यावरून मॉडेल तो शोधते, त्यामुळे मीटरमधल्या पावसाचे प्रकरण तेथे घडत नाही. सी आणि गॅमा मात्र तसेच राहतात, म्हणून स्केलिंग टळत नाही. ओळी काही दहा हजारांच्या वर गेल्या, तर एसव्हीआरचा फिट होण्याचा वेळ ओळींच्या वर्गापेक्षाही वेगाने वाढतो. तासागणिक नोंदीवर काम करणाऱ्यांनी लिनिअरएसव्हीआर किंवा निस्ट्रोम या कर्नलचे अंदाजे रूप देणाऱ्या रूपांतरासह एसजीडीरिग्रेसर घ्यावे. लिनिअरएसव्हीआरमध्ये एप्सिलॉनचे मूळ मूल्य शून्य असते, हे दोन्हींची तुलना करताना लक्षात घ्यावे.

हे सर्व करूनही रेषा हलली नाही, तर मदत मागताना संपूर्ण नोटबुक पाठवण्यापेक्षा पुढील माहिती द्यावी: सायकिट-लर्नची आवृत्ती, स्केल केल्यानंतर प्रत्येक रकान्याची सरासरी आणि विचलन, टार्गेटचे किमान, मध्यक आणि कमाल मूल्य एककासह, एकूण ओळी आणि त्यांपैकी सपोर्ट व्हेक्टर किती, गुणकांपैकी किती सी वर टेकलेले आहेत, आणि प्रशिक्षणाच्या तसेच चाचणीच्या अंदाजांचे किमान आणि कमाल. एवढ्या आकड्यांवरून बहुतेक वेळा कोड न पाहताही कारण सांगता येते.